डबीखालचं रबर

गिरणीआत्यांना ऐकू कमी येतं. उजव्या कानानं जवळजवळ नाहीच. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं, तर थोडंफार. सत्तावीस वर्षं पिठाच्या गिरणीशेजारी उभं राहिलं की कानांचं असंच होतं. त्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

"निम्मं जग उगाचच बोलत असतं," त्या म्हणतात. "तेवढं वाचलं."

नवरा गेला, गिरणी राहिली. दोघांत गिरणीच जास्त बोलकी होती, असं त्या सांगतात. सांगताना हसत नाहीत.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहते. साहित्यात एम.ए. केलं आणि शिकवणीच्या वर्गात लागले. राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. एका सकाळी जिन्याखाली त्यांनी मला अडवलं.

"पुस्तकवाली, खोलीत फेऱ्या मारतेस. सहा पावलं, वळण, सहा पावलं. कसला घोर लागलाय?"

मी बघत राहिले. या बाईला ऐकू येत नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं.

त्यांनी जिन्याच्या खांबावर तळवा ठेवून दाखवला. "इथून कळतं."

आमची मैत्री तिथं सुरू झाली.

त्या तळव्याची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीनं पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. टाकी लावणं म्हणतात त्याला. बाकीचे गिरणीवाले पीठ चिमटीत घेऊन बघतात. आत्या गिरणीच्या चौकटीवर हात ठेवतात आणि सांगतात, "परवा टाकी लावायला हवी." दारात कोण आलं, ते त्यांना फरशीतून कळतं. समोरचा न्हावी एक पाय किंचित ओढत चालतो. तो उंबऱ्यावर यायच्या आत त्या पाठमोऱ्याच म्हणतात, "दळण झालेलं नाही. तासाभरानं ये."

खाणीचा हादरासुद्धा त्यांना आमच्या आधी कळतो. आम्हाला आधी आवाज येतो आणि मग खिडकी वाजते. त्यांना तळपायातून येतो.

खाण गल्लीच्या मागे आहे. मध्ये एक टेकडी होती. आता अर्धी आहे. रोज दुपारी एक वाजता तिथं सुरुंग उडवतात. पाच मिनिटं आधी भोंगा होतो, मग दणका, मग सगळं ठीक असल्याचा दुसरा भोंगा. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीला तडा आहे. लोक तड्यांवर कॅलेंडरं लावतात. न्हाव्याच्या दुकानात एकाच वर्षाची चार कॅलेंडरं आहेत.

गेल्या वर्षी खाणीच्या कंपनीनं पुढे सरकायची परवानगी मागितली. मिळाली असती, तर खाणीची कड गल्लीपासून तीनशे मीटरवर आली असती आणि पहिली चौदा घरं पाडावी लागली असती. चौदातलं पहिलं घर आत्यांचं.

गल्लीनं हरकत घेतली. अर्ज मी लिहिला. सरकारी समितीनं दोघांचं ऐकून एक मार्ग काढला. सर्वांत जवळच्या घरात तीस दिवस हादरा मोजायचा. मर्यादा पाच. पाच म्हणजे जमीन सेकंदाला पाच मिलिमीटर वेगानं थरथरते. तीस दिवसांत तीन वेळा काटा पाचच्या वर गेला, तर खाण आहे तिथंच थांबेल. नाही गेला, तर पुढे येईल.

सर्वांत जवळचं घर म्हणजे आत्यांचंच.

*

यंत्र आलं त्या दिवशी कंपनीचे साहेब स्वतः आले. बरोबर मोजणीवाला होता. पंचविशीचा, शांत, कानामागे पेन्सिल. त्यानं गिरणीच्या खोलीबाहेरच्या पडवीत एक जड धातूची डबी फरशीवर ठेवली. वर वाळूची पिशवी टाकली. डबीतून एक तार यंत्राच्या पेटीत गेली. शेजारी काठीवर एक माइक. माइकला काळ्या फोमची टोपी.

"हे कशाला?" आत्यांनी टोपीकडे बोट दाखवलं.

"आवाज मोजायला," मोजणीवाला म्हणाला. मी त्यांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं.

साहेब हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कमाल आहे. बहिऱ्या बाईला आवाजाचा त्रास होतो म्हणे."

मी तेही कानात सांगितलं. मला सांगायचं नव्हतं. पण आमचा करार आहे. जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही.

"आवाजाचं गल्लीला विचारा," आत्या साहेबांना म्हणाल्या. "माझं म्हणणं हादऱ्याचं आहे. तो ऐकावा लागत नाही."

साहेबांनी गिरणीकडे मान वळवली. "आणि हा राक्षस? हा चालू असला की आमचं यंत्र नाचणारच. मग नाव खाणीचं."

"साडेबारा ते दीड गिरणी बंद. रोज."

"गल्लीत वर्दळ असते. हे यंत्र फार नाजूक आहे, बाई. एखादी वजनदार बाई शेजारून चालली तरी कागदावर उठते."

आत्यांनी स्वतःकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी. बरं. मी चालणार नाही."

साहेब गेल्यावर त्यांनी पडवी झाडली. झाडता झाडता त्या डबीपाशी थांबल्या. त्यांना काहीतरी खटकलं होतं.

"एवढं महागाचं यंत्र. आणि नुसतं फरशीवर ठेवून गेला गाढव."

गिरणीत प्रत्येक गोष्टीखाली रबर असतं. मोटारीखाली, चौकटीखाली, चाळणीच्या पायांखाली. रबर नसेल तर बोल्ट ढिले होतात, दगड बिथरतात. यंत्राची काळजी म्हणजे खाली रबर, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी जुन्या टायरचा दोन बोटं जाड तुकडा शोधला. डबीच्या मापानं गोल कापला. डबीखाली सरकवला आणि वाळूची पिशवी पुन्हा वर ठेवली. पिशवीच्या काठांनी रबर झाकलं गेलं.

"आता कशी बसली!" त्या म्हणाल्या.

मलाही ती छान बसलेली वाटली. मी म्हणालेही तसं.

*

दुसऱ्या दिवशी पावणेएकला आत्या स्टुलावर बसल्या. हात मांडीवर. पाय जमिनीवर, अनवाणी. भोंगा त्यांना ऐकू येत नाही, म्हणून न्हाव्यानं दारात लाल टॉवेल हलवायचा, असं ठरलं होतं. टॉवेल हलला. आत्यांनी श्वास रोखला. दणका झाला. दुसऱ्या भोंग्यानंतर टॉवेल पुन्हा हलला, तेव्हा त्या उठल्या.

तिसऱ्या दिवशी टॉवेल हलवून न्हावी तसाच उभा राहिला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण होता.

"काय झालं?" गिऱ्हाईक म्हणालं.

"हलू नका. वस्तरा माझ्या हातात आहे."

शिंपिणीनं मशीनवरचा पाय काढला. सायकलवाल्यानं पंप सोडला. आठवड्याभरात सगळी गल्ली एक वाजता थांबू लागली. येणारा जाणारा जिथं असेल तिथं उभा. कुणाच्या डोक्यावर घागर, कुणाचा एक पाय पायरीवर. एकदा पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी अडकला आणि बारा मिनिटं पत्र हातात धरून उभा राहिला. मी खूप वाचलं आहे. पण शंभर माणसं निव्वळ उभी राहून कुणाला तरी उत्तर देतात, हे मी कुठं वाचलं नव्हतं.

कुणाचं पाऊल कागदावर उठणार नाही. उठेल ते फक्त खाणीचं.

दोन वाजता मोजणीवाला यायचा, आकडा वहीत उतरवायचा, आणि आत्या खाली सही करायच्या. एक पूर्णांक सहा. एक पूर्णांक नऊ. नवव्या दिवशी दोन पूर्णांक एक. त्याच्या वर नाहीच.

बाराव्या दिवशी शिंपीण म्हणाली, "आत्या, आम्ही पुतळे झालो. आकडा काही हलेना."

"हलेल."

"कधी? घर पडल्यावर?"

आत्या उठल्या. आत गेल्या आणि स्टीलची ताटली घेऊन आल्या. तिच्यात मूठभर पीठ पसरून त्यांनी हातानं सपाट केलं आणि ताटली फरशीवर ठेवली. एक वाजता दणका झाला. सपाट पिठावर बारीक वळ्या उठल्या आणि एका बाजूचं पीठ काठापर्यंत सरकलं. त्या दिवशीचा आकडा, एक पूर्णांक सात.

"हे पीठ खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "माझे पाय खोटं बोलत नाहीत. मग कोण खोटं बोलतंय?"

त्यांचा धाकटा भाऊ खाणीत डंपर चालवतो. त्याला त्यांनीच वाढवलं. तो त्या दिवशी सुट्टीवर होता, उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "ताई, सोड ना. दुसरीकडे घर देतायत. माझी नोकरी आहे तिथं. रोज मला ऐकवतात, तुझी बहीण काय म्हणते."

मी कानात सांगितलं.

"त्यांना सांग, बहीण म्हणते जात्यातले रडतात, सुपातले हसतात. तू अजून सुपात आहेस."

भाऊ उठून गेला.

*

सोळाव्या दिवशी मी मोजणीवाल्याकडून यंत्राची माहितीपुस्तिका मागून घेतली. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि दिली. "सातवं पान बघा," इतकंच म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

सातव्या पानावर एक चित्र होतं. डबी, खाली जमीन. दोन्हींच्या मध्ये एक बारीक रेघ आणि रेघेवर फुली. लिहिलं होतं, डबी कठीण पृष्ठभागाला थेट टेकलेली असावी, मध्ये कोणताही मऊ पदार्थ नसावा, नाहीतर हादरा कमी दिसतो.

मी दोनदा वाचलं. पुस्तिका घेऊन खाली आले.

आत्या गिरणीपाशी होत्या. ही गोष्ट हळू सांगायची होती. पण आत्यांना हळू काही सांगता येत नाही. मी डाव्या कानाशी गेले आणि ओरडले.

"आत्या! डबीखाली! रबर! ठेवायचं नव्हतं!"

"काय?"

"रबर! हादरा खातं! म्हणून आकडा कमी!"

समोर न्हाव्याची कात्री थांबली. शिंपिणीचं मशीन थांबलं. एकची वेळ नव्हती, तरी गल्ली थांबली.

आत्यांनी गिरणीची कळ दाबली. पट्टा गरगरत हळूहळू बंद झाला. त्या पडवीत आल्या, वाळूची पिशवी उचलली आणि आपण कापलेल्या त्या गोल तुकड्याकडे बघत राहिल्या. किती सुबक कापला होता.

"आत्या," न्हावी रस्त्यापलीकडून ओरडला, "सोळा दिवस आम्ही श्वास धरला हो!"

ते त्यांना ऐकू आलं नाही. मी सांगितलं. गाळायचं नाही, असा करार होता.

भाऊ कामावरून आला तेव्हा त्याला गल्लीच्या तोंडाशीच सगळं कळलं होतं. त्यानं डबी बघितली, रबर बघितलं. ओठ दाबले, पण हसू फुटलंच. "पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ बघितले, ताई. धोंड्याखाली रबर घालून मारून घेणारी तूच."

आत्याही हसल्या. सोळा दिवसांत पहिल्यांदा. मग हसू गेलं आणि चेहरा नुसता राहिला.

भाऊ बसला. आवाज उतरवून मला म्हणाला, "तिला सांग, गुपचूप काढून टाक. चौदा दिवस उरलेत. तीन आकडे सहज मिळतील. कुणाला कळणार आहे?"

मलाही तेच सुचलं होतं. मी सांगितलं.

"गुपचूप?" आत्या म्हणाल्या. "सतराव्या दिवशी आकडा उडी मारेल. ते म्हणतील, बाईनं डबीशी खेळ केला. आणि ते खरं असेल."

"मग काय करणार?"

"सगळ्यांना बोलवणार. साहेबांनाही."

"ताई, हे हात दाखवून अवलक्षण आहे!"

"हात माझा आहे."

*

सतराव्या दिवशी सकाळी दहा वाजता पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब आले. त्यांना वाटलं होतं, बाई माघार घेणार. मोजणीवाला कोपऱ्यात उभा होता.

आत्यांनी वाळूची पिशवी उचलली. "हे रबर मी ठेवलं. चूक माझी. यंत्राची काळजी म्हणून ठेवलं. आता माझं काम बघा."

त्यांनी मोजणीवाल्याला यंत्र चालू करायला लावलं. मग आत जाऊन गिरणी सुरू केली. रिकामी, धान्य न घालता. मोजणीवाल्यानं आकडा वाचला. शून्य पूर्णांक आठ.

त्यांनी रबर काढलं. डबी फरशीवर टेकवली. पिशवी वर. गिरणी तीच, तशीच चालू.

दोन पूर्णांक तीन.

"जवळजवळ तिप्पट," शिंपीण म्हणाली. मापं घेण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही.

आत्यांनी गिरणी बंद केली. "हा राक्षस आपल्या कामी आला, साहेब. रबर किती खातं ते यानं सांगितलं. आता मागच्या सोळा आकड्यांना तीननं गुणा. नववा दिवस कितीवर जातो बघा."

साहेब लालबुंद झाले. "विज्ञान असं चालत नाही, बाई. प्रत्येक आकड्यावर तुमची सही आहे."

"माझी सही आकड्यावर आहे. रबरावर नाही."

गल्लीत हशा पिकला. साहेब मोजणीवाल्याकडे वळले. "सांगा यांना."

मोजणीवाला सावकाश म्हणाला, "गिरणीची थरथर भरभर असते. सुरुंगाची संथ असते. रबर दोन्ही सारखंच खाईल, असं नाही. गुणाकार बरोबर नाही."

"बघा," साहेब म्हणाले.

मोजणीवाल्याला अजून काही बोलायचं होतं. पण त्यानं पेन्सिल कानामागे खोचली.

त्या दिवशी एक वाजता डबी थेट फरशीवर होती. गल्ली उभी होती. दणका झाला. सहा पूर्णांक दोन.

साहेबांनी वहीत शेरा मारला. 'गिरणीमुळे असण्याची शक्यता.'

"गिरणी बंद होती!" मी म्हणाले.

"याला पुरावा काय? यंत्राला दिसत नाही, शेजारची मोटार चालू आहे की बंद. समितीपुढे म्हणा काय म्हणायचं ते." आणि ते गाडीत बसले.

मी आत्यांना सांगितलं. त्यांनी शेराही पुन्हा वाचायला लावला. मग त्या गिरणीच्या खोलीत गेल्या. बराच वेळ चौकटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गिरणी बंद होती. त्यात कळण्यासारखं काही नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी भावाला हाक मारली. "मोठा पाना आण."

"कशाला?"

"गिरणी काढायची."

तो हसला. मग त्यांच्याकडे बघून थांबला. "ताई, खाणार काय?"

"तू खाणीत आहेस ना. तू खाऊ घाल. खाणीच्याच पैशानं लढू."

मी जिन्यावर बसले होते.  सत्तावीस वर्षांची गिरणी. त्यांनी आधी पट्टा उतरवला. मग मोटार. भावानं पाना लावला, बोल्ट कुरकुरले. न्हावी, सायकलवाला आणि आणखी चौघांनी मिळून वरचा दगड उचलला, मग खालचा. संध्याकाळ व्हायच्या आत सगळी गिरणी सुटी सुटी होऊन गल्लीत होती. भर रस्त्यात. वर ताडपत्री. खोलीत फक्त काँक्रीटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार बोल्ट उरले. चौथरा खाली पाच फूट, खडकापर्यंत गेलेला आहे. नवऱ्यानं बांधला होता.

आत्यांनी मोजणीवाल्याला बोलावलं. "डबी इथं बसव. बोल्टानं आवळ. याच्यापेक्षा कठीण जागा तुझ्या पुस्तकात असेल तर दाखव."

तो चौथऱ्यावर गुडघे टेकून बसला. लोखंडी पट्टी बसवली, डबी आवळली. उठताना म्हणाला, "मला चौथ्या दिवशी दिसलं होतं, आत्या. रबर."

मी कानात सांगितलं.

"मग बोलला का नाहीस?"

"माझं काम आकडा उतरवायचं."

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. ते त्याला जास्त लागलं असावं.

"गिरणीत एक नियम आहे," त्या म्हणाल्या. "खडा दिसला की हात घालून काढायचा. दळण कुणाचंही असो."

*

अठराव्या दिवशी पाच पूर्णांक सात.

एकोणिसाव्या दिवशी दणका झाला, आणि न्हावी म्हणाला, "झाला का?" इतका लहान. तीन पूर्णांक चार. विसाव्या दिवशी तीन पूर्णांक एक. मग रोज तसंच. कंपनीनं सुरुंग लहान केले होते. तिसरा आकडा मिळूच नये म्हणून. भावानं सांगितलं, छिद्रात दारू निम्मी भरतात आणि एकदम न उडवता तुकड्या तुकड्यांनी उडवतात.

गल्ली खचली. बायका दळण घेऊन पलीकडच्या वस्तीत जाऊ लागल्या, डोक्यावर डबे, अर्धा तास चालत. जाताना ताडपत्रीला वळसा घालायच्या. एकीनंही ती हलवा असं म्हटलं नाही. एकाला गाडी न्यायची होती, तर न्हावी म्हणाला, "मागून जा. इथं आमची गिरणी झोपलीय."

आत्या रोज स्टुलावर बसत. अनवाणी. चेहऱ्यावर काही नाही. एकदाच म्हणाल्या, "निवांत वाटतं ना हल्ली? पाय शांत आहेत."

मी म्हणाले, "आत्या, त्यामुळेच आपण हरतोय."

"हं," त्या म्हणाल्या. त्या कसला तरी विचार करत होत्या.

*

एकतिसाव्या दिवशी समिती बसली. लांब टेबल, पाच खुर्च्या, छतावर करकरणारा पंखा. अध्यक्षस्थानी पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. मी आत्यांच्या डाव्या बाजूला. आमची सगळी कुजबूज टेबलापर्यंत ऐकू जात होती. अध्यक्षबाईंनी एकदा बोट ओठांवर नेलं, मग कळल्यावर खाली घेतलं.

साहेबांनी हिशेब मांडला. तीस दिवस. पाचच्या वर दोन आकडे. त्यातलाही एक शंकास्पद. तीन हवे होते. विषय संपला.

"तुमचं काय म्हणणं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

आत्यांनी पिशवीतून रबराचा गोल तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"चूक माझी," त्यांनी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. काळजी, टायर, सोळा दिवस, गिरणीची परीक्षा. एकही गोष्ट स्वतःच्या बाजूनं वळवली नाही. मग म्हणाल्या, "तीननं गुणायचं की नाही, ते शिकलेल्यांनी ठरवा. मी अडाणी. पण रबर होतं, एवढं लिहा."

साहेब म्हणाले, "हे ती म्हणते. कोणी बघितलं?"

मोजणीवाला भिंतीपाशी उभा होता. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे बघितलं. 

"मी," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी. गुणाकार करता येणार नाही. पण पहिले सोळा आकडे म्हणजे मोजणीच नाही. रद्द करायला हवेत." मग थोडा थांबून म्हणाला, "खडा होता."

साहेबांना तो शब्द कळला नाही. आत्यांना मी सांगितला. त्यांनी मान हलवली.

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, मग तीस दिवस पुरे झालेले नाहीत. सोळा दिवस पुन्हा मोजावे लागतील.

साहेब लगेच म्हणाले, "मोजा ना. सोळा काय, बत्तीस मोजा." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. लहान सुरुंग, लहान आकडे. मी ते हसू बघितलं.

आत्यांनी ते हसू आधीच बघितलं होतं. ज्यांना ऐकू येत नाही, ते चेहरे नीट वाचतात.

"साहेबांना एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "एकोणिसाव्या दिवसापासून सुरुंग लहान का झाले?"

"कामाच्या गरजेप्रमाणे."

"म्हणजे दगड निघतोय? काम अडलं नाही?"

"अजिबात नाही. उत्पादन नेहमीसारखंच आहे," साहेब ठामपणे म्हणाले. समितीपुढे दुसरं काय म्हणणार?

मी कानात ओरडले. सगळ्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं. उत्पादन नेहमीसारखंच आहे.

"मग झालं," आत्या म्हणाल्या. "लहान सुरुंगानं काम भागतं, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं आमची घरं उगाचच हलवली. बाई, डबी काढू नका. सोळा दिवस नाही, बत्तीस नाही. कायमची राहू दे. माझ्या चौथऱ्यावर. मोजणी चालू आहे तोवर सुरुंग लहान राहतात. आणि मोजणी पुरी होत नाही तोवर खाण पुढे येत नाही. बरोबर ना, पुस्तकवाली?"

मी मान हलवली.

"आणि गिरणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "तुमचं पोट?"

"ते माझं मी बघीन. तुम्ही डबीचं लिहा."

साहेब उठून उभे राहिले. हरकत, नियम, खर्च, असं बरंच बोलले. मी ते सगळं सांगत गेले. मध्येच आत्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे. हे मला नको."

करार त्यांनी पहिल्यांदाच मोडला.

*

या गोष्टीला दीड वर्ष झालं. पुढे सरकायच्या परवानगीवर अजून निकाल नाही. कंपनीनं दोनदा तारीख मागितली, दोनदा वकील बदलला. समितीनं मोजणी चालू ठेवायला सांगितलं, म्हणून डबी अजून चौथऱ्यावर आहे. आकडा रोज लिहिला जातो. तीनच्या आसपास असतो. एकदा चार पूर्णांक आठ आला, तर दुसऱ्या दिवशी गल्लीतली सतरा माणसं खाणीच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. काही न बोलता. त्यांना त्याची सवय झाली आहे. मोजणीवाल्याची बदली झाली. जाताना तो माहितीपुस्तिका माझ्याकडे ठेवून गेला. रोजचा आकडा आता मी उतरवते.

आत्यांनी आपली झोपायची खोली रिकामी केली. तिथं नवा चौथरा घातला आणि गिरणी उभी केली. भावानं दोन सुट्ट्या टाकून मदत केली. मोटारीखाली रबर आहे. डबीखाली होता, तोच गोल तुकडा. समितीच्या टेबलावरून त्यांनी तो परत मागून आणला. "कापलाय मी छान," त्या म्हणाल्या. "टाकू कशाला?"

त्या स्वतः आता जुन्या गिरणीच्या खोलीत झोपतात. खाट चौथऱ्याला लागून आहे. साहेब म्हणाले होते, शेजारून वजनदार बाई चालली तरी कागदावर उठतं. म्हणून एक वाजता त्या खाटेवर बसतात, पाय खाली सोडून, अनवाणी.

काल मी त्यांच्या शेजारी बसले होते. समोर न्हाव्यानं लाल टॉवेल हलवला. शिंपिणीचं मशीन थांबलं. दणका आला, लहानसा, जणू दूर कुणी गोणी खाली टाकली.

"किती?" मी त्यांच्या कानात विचारलं.

आत्यांनी यंत्राकडे बघितलंच नाही. तळपाय फरशीवर जरा दाबले.

"दोन पूर्णांक नऊ," त्या म्हणाल्या. "जा, उतरवून घे. आणि काटेकोर लिही. खाणवाल्यांच्या मनात अजून पुढे यायचं आहे."

मी बघितलं. तीन पूर्णांक शून्य.

मी तसंच उतरवलं.